उजर चालणार नाही

जेबानं कागदाच्या अकराव्या कलमावर बोट ठेवलं आणि ते मोठ्यानं वाचलं. ऑफिसात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जावं, असं मुद्दाम वाचलं.

"घराच्या मागील बाजूस असलेल्या चिंचेच्या झाडाची फळे व विहिरीचे पाणी यांवर भाडेकरूचा कोणताही हक्क राहणार नाही." तिनं मान वर केली. "ऋतिकभाऊ, फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर हाय. चिंच कुठं लावली तुम्ही? गॅलरीत?"

टेबलापलीकडे बसलेला एजंट ऋतिक हसला. त्याला असं हसायची सवय होती. दिवसातून दहा गिऱ्हाइकं यायची आणि त्यातलं एखादं शहाणं निघायचंच.

"ते फॉरमॅटमध्ये असते मॅडम. सगळ्यांच्याच कागदात हाय. कोणी वाचत नाही."

"मी वाचून राह्यली ना."

कोणी वाचत नाही, हे मात्र त्याचं खरं होतं. घर मिळालं या आनंदात माणूस सहा पानी कागद हातात घेतो आणि सही कुठं करायची तेवढं विचारतो. एजंटनं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या असतात. फुलीवर सही ठोकली की किल्ली हातात. चिंच असो की विहीर, कोणाच्या बापाचं काय जातं? यवतमाळच्या बसस्टँडमागच्या त्या गल्लीत, काचेचं दार आणि दोन प्लास्टिकच्या कुंड्या असलेल्या त्या ऑफिसात वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

जेबाला मात्र घाई असूनही वाचायचं होतं. घाई तिलाच सगळ्यांत जास्त होती. बाभुळगावहून पहिली एसटी धरून ती सहा वर्षं यवतमाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला येत होती. आता एक फेब्रुवारीपासून लॅबवाले घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम सुरू करणार होते आणि त्याची जबाबदारी तिला देणार होते. अट एकच, सकाळी सहाला शहरात हजर पाहिजे. एसटी सहाला बाभुळगावातूनच निघायची, आणि तीही तिची मर्जी असेल तर. एक तारखेला चार दिवस उरले होते. लोहारा रोडवरचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट हातचा गेला, तर ते काम दुसऱ्या मुलीकडे जाणार होतं, हे साहेबांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

आणि फ्लॅट तरी कुठं ढीगभर मिळत होते! बत्तीस वर्षांची, लग्न न झालेली, एकटी राहणार, त्यात आडनाव शेख. "आमचं काही नाही हो, पण बिल्डिंगवाले..." हे वाक्य तिनं दोन महिन्यांत सात दारांत ऐकलं होतं. सातही जणांनी ते वाक्य अर्धवटच सोडलं होतं. इथं पहिल्यांदा कुणीतरी हो म्हटलं होतं.

"सहावं ऐका आता," ती म्हणाली. "अकरा महिन्यांनी करार वाढवला तर एजंटला पुन्हा एक महिन्याचं भाडं. कायचं?"

"रिन्युअलचं."

"त्यात तुम्ही काय करता?"

"कागद बनवतो."

"तारीख बदलता. तारीख बदलायचे सात हजार?" तिनं पान उलटलं. "आणि हे आठवं. सही झाल्यावर भाडेकरू घरमालकाशी परस्पर बोलला तर दोन महिन्यांचं भाडं तुम्हाले. बोलला तर! घरात पाणी टपकलं तर मी कोणाले सांगू?"

"मले सांगा. मी हाय ना."

"आन् नववं. मुदतीच्या आधी घर सोडलं तर डिपॉझिटचा रुपयाबी परत नाही. एकवीस हजार." तिनं कागद टेबलावर ठेवला. "हे पाहा भाऊ, घर तुम्ही शोधलं, दाखवलं, तुमचं पेट्रोल जळलं. त्याची एक महिन्याची दलाली मी देते, खुशीनं देते. पण सहा, आठ, नऊ खोडा. चिंच राहू द्या पाहिजे तं."

कोपऱ्यात बसलेलं एक जोडपं फिसकन हसलं. ऋतिकचा चेहरा मात्र आता हसरा राहिला नाही.

"मॅडम, हा कागद वकिलानं बनवलेला हाय. याच्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. आणि एक सांगू का, राग नका मानू. तुम्हाले घर द्यायले कोण तयार हाय? मी मालकीणबाईले किती समजावलं, माझं मले माहीत."

जेबाच्या कानशिलांना गरम झालं. हे येणार, हे तिला माहीत होतं, म्हणून तर ती अब्बांना सोबत घेऊन आली होती. तिचे अब्बा, रहमत शेख, बाभुळगावच्या तहसीलसमोर तीस वर्षं टाइपिंगचं मशीन घेऊन बसले होते. खरेदीखत, वाटणीपत्र, भाडेचिठ्ठी, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, काय म्हणाल ते त्यांनी लिहिलं होतं. आता डोळ्यांनी साथ सोडल्यावर ते घरीच असायचे. "माझा मसुदा कोर्टात कोणी फोडून दाखवला नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ईदला पाहुणे आले की शिरखुर्म्यासोबत हे वाक्य ठरलेलं. बिनतोड कागद म्हणजे काय आणि फसवा कागद म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांनी चार शब्द बोलावेत आणि या पोराची बोलती बंद करावी, एवढंच जेबाला हवं होतं.

पण रहमत आल्यापासून गप्प होते. जेबानं चिंचेचं कलम वाचलं तेव्हापासून तर त्यांनी मान खाली घातली होती, ती वर केलीच नव्हती.

"अब्बा, तुम्ही बोलत काहून नाही?"

रहमतनी चश्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला नाही.

"नववं पुरतं वाच," ते म्हणाले. "शेवटपर्यंत."

जेबानं कागद पुन्हा उचलला. "भाडेकरूने मुदतीपूर्वी जागा सोडल्यास अनामत रक्कम परत मिळणार नाही..."

"व त्याबाबत भाडेकरूचा, त्याच्या वारसांचा अगर हस्तकांचा कोणताही उजर चालणार नाही," रहमत म्हणाले. कागद जेबाच्या हातात होता आणि चश्मा त्यांच्या. "उजर म्हणजे तक्रार. आता कोणी लिहीत नाही हा शब्द. मी लिहीत होतो."

ऋतिकनं जेबाच्या हातातून कागद घेतला.

"दहा," रहमत म्हणाले. "सदर जागेत पोटभाडेकरू ठेवणार नाही, ज्वालाग्राही पदार्थ साठवणार नाही, जनावर बांधणार नाही. अकरा तुम्ही ऐकलंच. बारा. जागेचा ताबा देतेवेळी दारे, खिडक्या, कड्या, कोयंडे जसेच्या तसे..."

ऋतिकचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि ते कुठंच अडकत नव्हतं. कोपऱ्यातलं जोडपं हसायचं थांबलं होतं.

"सहा आणि आठ माझं नाही," रहमत म्हणाले. "ते मागून कोणीतरी घुसवलं. भाषाच सांगते, बेढब हाय. बाकी सगळं माझं. बाभुळगावात देवीलाल शेठचं घर होतं, त्याच्या मागं चिंच होती आणि विहीर होती. त्या घरासाठी बनवला होता मी हा कागद. सत्त्याण्णव साली. कार्बन लावून चार प्रती काढल्या होत्या. मग लोक तसाच मागाले लागले. पुढं झेरॉक्स आली. मग कोणीतरी कॉम्प्युटरवर चढवला असन."

जेबा अब्बांकडे पाहतच राहिली. ऋतिक मात्र व्यवहारी माणूस. दोन क्षण गोंधळला आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"वा, चाचा! मग तर झालंच काम!" त्यानं कागद रहमतसमोर सरकवला. "तुम्हीच सांगा आता तुमच्या पोरीले. मजबूत हाय ना कागद? सारं यवतमाळ याच्यावर सह्या करून राह्यलं. सगळ्यांच्या पोरीबाळींले चालते, मग तुमच्याच पोरीले काय सोनं लागलं?"

रहमतनी कागदाकडे पाहिलं, मग पोरीकडे. जेबाला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तीस वर्षं कागदांशी झुंजलेला माणूस, एखादी खोच काढेलच. पण ते नुसतेच बसून राहिले. तिला त्यांचा असा राग आला की ऋतिकचा राग त्यापुढं काहीच नव्हता.

ती उठली. "मी सही नाही करत."

"मग घर गेलं समजा. उद्या बारापर्यंत थांबतो. तेबी चाचांकडं पाहून."

"नका थांबू," जेबा म्हणाली. टेबलावरची कागदाची प्रत तिनं घडी घालून पर्समध्ये टाकली. "हे वाचाले नेते. वाचाले तरी पैसे नाही ना लागत?"

बसस्टँडवरच्या बाकावर दोघं बसले. फलाटावर घाटंजीची गाडी लागली होती. त्या दिवशी घाटंजीचा बाजार, म्हणून टोपल्या आणि पोती टपावर चढवायची धांदल चालली होती.

"किती लोकांले बनवून दिला हा कागद?" शेवटी तिनं विचारलं.

"मोजले नाही."

"नववं कलम कोणी टाकाले सांगतलं होतं?"

"देवीलाल शेठनं."

"आणि तुम्ही टाकलं."

"टाकलं. ते सांगत, मी टाकत होतो. तोच धंदा होता."

"भारी धंदा होता," जेबा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. सात दारं, दोन महिने, आणि आठव्या दारात आडवा आला कोण, तर घरचाच माणूस. एवढी वर्षं ईदला ते वाक्य ऐकून तिनं मैत्रिणींपुढं फुशारकी मारली होती.

रहमत समोरच्या गाडीच्या पाटीकडे पाहत होते. मग त्यांनी हात पुढे केला. "पहिलं पान दे बरं."

तिनं कागद दिला. त्यांनी चश्मा चढवला, कागद नाकाशी धरला आणि एका ओळीवर नख टेकवलं. "लिहून देणार, सौभाग्यवती विमलताई सदाशिवराव ढोले, राहणार घाटंजी," ते हळूहळू वाचत गेले. "आता आठवं काय म्हणते? सही झाल्यावर परस्पर बोलायचं नाही. तू सही केली काय?"

जेबा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"सही होईस्तोवर हा कागद म्हणजे रद्दी," रहमत म्हणाले. "रद्दी कोणाले अडवत नाही."

फोन नंबर कागदावर नव्हता. तेवढी हुशारी ऋतिकनं केली होती. पण गाव होतं, नाव होतं आणि समोर गाडी उभी होती. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा जेबा उठली. उठताना तिनं अब्बांना हात दिला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. बसमध्ये रहमत एवढंच म्हणाले, "घर झालंच तर त्या पोराची एक महिन्याची दलाली पोचती करजो. घर त्यानं दाखवलं."

"देणारच होती," ती म्हणाली. "मले शिकवू नका."

ढोल्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. बाजारातल्या खताच्या दुकानदारानं हातानंच वळणं दाखवली. विमलताई अंगणात सूप घेऊन तुरी पाखडत बसल्या होत्या. साठीच्या आतबाहेरची, काटक बाई. दारात अनोळखी बापलेक पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि आधी पाणी दिलं, मग विचारलं.

जेबानं सगळं सांगितलं. लॅबचं सांगितलं, एक तारखेचं सांगितलं, आडनावही आधीच सांगून टाकलं. मागाहून कोणी वाक्य अर्धवट सोडण्यापेक्षा आत्ताच सोडलेलं बरं.

"शेख असो की शिंदे, मले काय करायचं?" विमलताई म्हणाल्या. "भाडं वेळेवर दे म्हणजे झालं. पण तो एजंट तं म्हणे, त्या बाईले मालकाशी बोलणंच आवडत नाही. म्हणे, तुम्ही फोन नका करू, तिले राग येते."

"मले?" जेबा म्हणाली. "त्यानं तं मले सांगतलं की तुम्ही मोठ्या मुश्किलीनं तयार झाल्या."

"मुश्किल कायची बाप्पा! चार महिन्यांपासून फ्लॅट खाली पडला हाय." विमलताईंचा आवाज चढला. "माझ्याकडूनबी एक महिन्याचं भाडं घेऊन राह्यला तो. आणि दर अकरा महिन्यांले घीन म्हणते. हे म्हणतात, द्या, शहरात असंच असते. शेतात राबणारे आपण, आणि खाणारा कोण पाहा!"

मग ती चिडलेली बाई आणि ही चिडलेली बाई एकमेकींकडे पाहून एकदम हसल्या. त्या दिवशी जेबा पहिल्यांदाच हसली. चहा आला. भाडं सात हजार, डिपॉझिट एकवीस, लाइटचं बिल वेगळं, घर सोडायचं असेल तर दोघींपैकी कोणीही एक महिना आधी सांगायचं, एवढं चहा संपायच्या आत ठरलं. नोंदणी सोमवारी यवतमाळला जाऊन करायची, मशीनवर अंगठे लावायचे. तोवर काय काय ठरलं ते कागदावर लिहून ठेवू, असं विमलताईच म्हणाल्या.

"तोंडचं बोलणं मी मानत नाही. कागद पाहिजे. तुम्ही कागदवाले होते ना भाऊ? लिहा मंग."

नातवाच्या वहीतले दोन कागद आले. रहमतनी ते मांडीवरच्या पाटावर सारखे केले, समास आखला आणि लिहायला लागले. अक्षर अजून देखणं होतं. एक, दोन, तीन. भाडं, मुदत, बिल. जेबा त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा तिला ती गॅलरी खरंच आपली वाटायला लागली. कपडे कुठं वाळत घालायचे तेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं.

"आणि ते एक टाकजा," विमलताई म्हणाल्या. "मधातच सोडून गेली तर डिपॉझिट परत नाही. मागचा भाडेकरू चार महिन्यांत पळाला. नळ मोडून गेला आणि बिल माझ्या माथी मारून गेला. आता मी तो धोका घेत नाही."

रहमतचं पेन थांबलं.

"ते मी नाही लिहिणार," ते म्हणाले.

"काहून?"

"नाही लिहिणार बस."

विमलताईंनी कप खाली ठेवला. "हे पाहा भाऊ, घर माझं हाय. ते लिहिल्याबिगर मी किल्ली देत नाही. मंग तो एजंट काय वाईट होता?"

शेवटची गाडी, एक तारीख, साहेबांचा गोड आवाज, सगळं एकदम जेबाच्या डोळ्यांपुढं आलं. सकाळी एजंटच्या टेबलावर याच कलमासाठी ती भांडली होती, ते तिला आठवत होतं. तरीही ती अब्बांच्या बाजूला खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लिहा अब्बा. लिहून टाका. मी कुठं जाऊन राह्यली मधातच? मी सोडणारच नाही, मग पैसे जातीलच कसे?"

रहमतनी पोरीकडे पाहिलं.

"रुपीबाईबी हेच म्हणे," ते म्हणाले.

"कोण रुपीबाई?" विमलताईंनी विचारलं.

रहमत सांगायला लागले ते जेबाला नाही, विमलताईंनाही नाही; मांडीवरच्या कागदालाच सांगत होते.

"तांड्यावरची बाई होती. पोरगं शाळेत घालाचं म्हणून बाभुळगावात देवीलाल शेठची खोली केली. सहाशे रुपये डिपॉझिट. सहाशे म्हणजे तिच्यासाठी किती, तुम्हीच समजा. मी कागद बनवला. शेठ म्हणे, नववं टाक, मी टाकलं. तिनं विचारलं, हे काय लिहिलं? मी म्हटलं, मधातच सोडलं तर पैसे नाही. तर म्हणे, मी कायले सोडू, पोराले चौथी काढाची हाय. अंगठा दिला. तीन महिन्यांनी तांड्यावर नवरा पडला, झाडावरून. कंबर गेली. तिले जाणं भागच होतं. शेठनं पैसे दिले नाही."

"मग?" जेबानं विचारलं.

"मग ती माझ्याकडं आली. भांडाले नाही आली. म्हणे, भाऊ, माझे पैसे जातील असं कुठं लिहिलं ते मले पुरतं वाचून दाखव. शेठजवळची प्रत मागून आणली होती तिनं. मी वाचलं. वारसांचा, हस्तकांचा, कोणताही उजर चालणार नाही. तिनं सगळं ऐकलं. उठताना विचारलं, हे असंच्या असं अंगठ्याच्या आधी काहून नाही वाचलं?" रहमत थांबले. "मी म्हटलं, वाचायचे वेगळे पैसे पडतात. आणि घेतले. वाचून दाखवायचे दोन रुपये घेतले मी तिच्याकडून."

विमलताईंनी सूप उचलून मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग आणखी एक.

"आणि नळ मोडला तं?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं. आवाज अजून कडकच होता.

"नळाचे कापा," रहमत म्हणाले. "बिल बाकी असन तर बिलाचे कापा. न सांगता गेली तर एका महिन्याचं भाडं कापा. पावती दाखवून कापा. बाकी उरलं ते तिचं तिले."

"आणि मीच तिले मधातच काढलं तं?"

"तर सगळे परत, वर एक महिन्याचं भाडं."

विमलताईंनी डोळे बारीक केले. "तुम्ही कागदवाले लय पक्के असता."

"आधी नव्हतो," रहमत म्हणाले. "एकाच बाजूनं होतो."

"लिहा," विमलताई म्हणाल्या. "पण भाडं पाच तारखेच्या आत. तेबी लिहा."

रहमतनी चौथं कलम लिहिलं. पाचवं लिहिलं. लिहून झाल्यावर कागद हातात धरला, घसा साफ केला आणि कोणी न सांगता पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"मले वाचता येते, रहमतभाऊ," विमलताई म्हणाल्या. "सातवी शिकली मी."

"येत असन. तरी ऐका."

त्यांनी सगळं वाचलं. विमलताईंनी शेवटपर्यंत ऐकलं, एका ठिकाणी 'बिल' पुढं 'लाइटचं' घालायला लावलं आणि ठसठशीत अक्षरात सही केली. मग पेन जेबापुढं आलं. रहमतनी सहीची जागा बोटानं दाखवली.

जेबानं पेन घेतलं नाही. तिनं कागदासाठी हात पुढे केला.

"द्या इकडं," ती म्हणाली. "मी वाचते."

रहमतनी कागद तिच्या हातात दिला. ती अंगणातल्या उन्हाकडे तोंड करून एकेक ओळ वाचू लागली आणि तिचं वाचून होईस्तोवर ते टोपण काढलेलं पेन हातात धरून बसून राहिले.